बिनशेपटीचं हत्यार

विजयश्रीचा हात थरथरतो ही बातमी तिच्याआधी घरी पोहोचली होती.

चाकणहून दिघीला येऊन तिनं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि उकळलेला चहा खाली उतरवायला सांडशी घेतली, तर सासूबाई लगबगीनं उठल्या. जाईबाईंचे गुडघे एरवी उठताना कुरकुरत. आज मात्र त्या तरण्या पोरीसारख्या उठल्या आणि सांडशी तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे गं बाई. मी उतरवते."

"का हो आई?"

"काही नाही. उगं अंगाबिंगावर सांडायचं."

बाहेरच्या खोलीत नणंद दिपाली बाळंतपणाला आलेली. विजयश्रीनं बाळाकडे हात पसरले तसं दिपालीनं त्याला छातीशी धरलं आणि हसली. हसली म्हणून जास्त लागलं.

"वहिनी, आत्ताच झोपलाय हो."

बाळाचे डोळे टक्क उघडे होते. भिंतीवरच्या पंख्याकडे बघत ते मजेत मुठी चोखत होतं.

जेवताना नवऱ्यानं, ज्योतीरामनं, उलगडा केला. "तुमच्या कंपनीतला दिग्विजय भेटला होता कोपऱ्यावर. म्हणाला, वहिनींच्या हाताचं एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. रेघ सरळ येत नाही म्हणाला आताशा. चांगला माणूस आहे गं. काळजीनं सांगत होता."

 चांगला माणूस. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा चांगला माणूस किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या टँकरपाशी, जिथे जाईल तिथे तिच्या हाताची काळजी सांडत चालला होता. गिरणीवाला दळणाचा डबा हल्ली तिच्या हातात देत नव्हता, थेट स्कूटरवर ठेवत होता. तेव्हा तिला वाटलं होतं, माणूस किती सौजन्याचा.

नाशिक रस्ता सोडून चाकणच्या आत वळलं की चिमाजीशेठचा टूलरूम लागतो. गाड्यांचे पत्रे ज्या पोलादी साच्यांत दाबून आकाराला येतात ते साचे तिथे बनतात. साच्याचं चित्र आधी विजयश्रीच्या संगणकावर उतरायचं आणि मग तौफिकच्या यंत्रावर, तारेनं पोलाद कापत. तिची रेघ अशी होती की तौफिक म्हणायचा, "ताई, तुमचं ड्रॉइंग आलं की यंत्रसुद्धा कुरकुर करत नाही." सकाळी दारासमोर रांगोळी काढताना ती ठिपके मोजत नसे. हाताला ठाऊक असायचं कुठे थांबायचं. तोच हात घेऊन ती चाकणला यायची, तोच हात माऊसवर ठेवायची, आणि दिवसभर काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा अशा पडायच्या की जणू त्या तिथे आधीपासून होत्या, हिनं नुसती वरची धूळ पुसली.

शेठनं सगळे संगणक जुन्या बाजारातून आणलेले. त्यांत फुकट मिळणारं लिनक्स घातलेलं. "न मागता राबतंय, त्याच्यावानी गुनी गडी दुसरा कोन?" असं शेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. पोलादाचा कीस आणि तेलाची वाफ आत जाऊ नये म्हणून प्रत्येक संगणक टेबलाखाली लोखंडी पेटीत बंद.

श्रावणापासून विजयश्रीचा माऊस बिघडला. दिवसभर गरीब गाईसारखा चालायचा आणि नेमका वर्तुळाचा मध्य धरायच्या क्षणी पडद्यावरचा बाण हिसका द्यायचा. केसभरच. रेघ ओढत न्यावी तर शेवटच्या टोकाला ती कडेला सरायची. ती पुसायची, परत काढायची. अशीच एकदा एक रेघ पुसायची राहिली, साच्यातलं भोक केसभर सरकलं आणि पोलादाचा अख्खा ठोकळा भंगारात गेला.

त्या दिवशी दिग्विजय शेठच्या कानाशी होता. उन्हाळ्यात विजयश्रीला चिकनगुनिया झालेला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं फक्त दोन खऱ्या गोष्टींना एक खोटी गाठ मारली.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पोरी, तुझ्यावानी रेघ चाकनात कुनाची न्हाई. ह्ये मी देवासमोर सांगीन. पन आता हात ऐकंना तुझा. तू दसऱ्यापस्नं स्टोअर बघ. पगार त्योच ऱ्हाईल. टेबल दिग्विजय सांभाळंल."

"शेठ, माझा हात चांगलाय."

"व्हय गं, व्हय," शेठ म्हणाले, आजारी माणसाला म्हणतात तसं.

म्हणजे दसऱ्याला टेबल जाणार. टेबलाबरोबर रेघ. आणि हाताला चिकटलेलं नाव मात्र तिच्याबरोबर घरापर्यंत येणार, चुलीपाशी, पाळण्यापाशी.

खोटं कशाला सांगावं, तिचाही विश्वास डळमळला. न्हाणीघरात दार लावून तिनं तांब्या काठोकाठ भरला आणि हात लांब करून धरला. पाण्यावर सुरकुती आली नाही. सुईत दोरा ओवून पाहिला. पहिल्या झटक्यात गेला. आरशात तिनं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसं कुणी भांडून गेलेल्या सख्ख्या भावाकडे पाहतं. "तू खरा आहेस," ती त्याला म्हणाली. "मग खोटं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं माऊस उलटा केला, त्याचा डोळा फडक्यानं पुसला. पॅड बदललं. पॅड काढून कोरा कागद अंथरला. तार दुसऱ्या खोबणीत लावली. शेवटी तौफिकच्या यंत्राचा माऊस मागून आणला. तो तिथे नीट चालत होता. इथे आला आणि दुपारपर्यंत त्यानंही हिसका दिला.

"ताई," तौफिक डोकं खाजवत म्हणाला, "माऊस बदलला, पॅड बदललं, वायर बदलली. आता मीठ-मिरची ओवाळायची राहिली. सांगा, घरून आणतो."

"माऊस बिघडलेला नाहीच," ती म्हणाली.

"मग?"

लिनक्सचा एक गुण असा की त्याच्या पोटात काही राहत नाही. नीट विचारलं की सगळं सांगतं. तिनं टर्मिनल, म्हणजे नुसत्या आज्ञा लिहायची खिडकी, उघडलं आणि आज्ञा लिहिली. माऊस हलला की ओळ उमटणार, बटण दाबलं की ओळ उमटणार, आणि ओळीच्या सुरुवातीला ज्या उपकरणाकडून ती आली त्याचा क्रमांक. तिनं माऊस हलवला. ओळी सरसर पडल्या, सगळ्यांवर एकच क्रमांक. मग तिनं हात उचलून मांडीवर ठेवला आणि नुसती बघत राहिली. तौफिक तिच्या खुर्चीमागे श्वास धरून उभा.

बराच वेळ काही नाही. बाहेर प्रेसचा ठोका पडत होता. मग पडद्यावर एक ओळ पडली. तिच्यामागे आणखी दोन. बाण केसभर सरकला.

हात मांडीवर होता. आणि ओळींवरचा क्रमांक निराळा होता.

"दुसरा माऊस," ती पुटपुटली.

"दुसरा? कुठाय?"

साफसफाईचं निमित्त सांगून तिनं लोखंडी पेटीची किल्ली आणली. संगणकाच्या पाठीमागे, तारांच्या जंजाळात, नखाएवढा एक काळा तुकडा खोचलेला होता. बिनतारी माऊसचा रिसीव्हर. जणू गाईच्या कानामागे गोचीड.

तौफिकनं बोटं पुढे केली. तिनं त्याचं मनगट धरलं.

"नाही. राहू दे तिथेच."

"काय राहू दे? काढा आणि आपटा शेठच्या टेबलावर. कुणाचं काम आहे ते सांगायला ज्योतिषी लागतो का, राव?"

कुणाचं काम आहे हे तिलाही ठाऊक होतं. मागच्या दिवाळीआधी दिग्विजयनं एक साचा उलटा काढला होता, डाव्याच्या जागी उजवा. कापायला जायच्या आधी तिनं तो पकडला, सगळ्यांसमोर. शेठ ओरडले होते, "डोळं इकून खाल्लंस का रं?" आणि सगळा टूलरूम हसला होता. तीही हसली होती. त्या दिवसापासून दिग्विजय तिच्याशी फार गोड बोलायचा. काचेच्या पलीकडे त्याचं टेबल, आणि त्याचा उजवा हात बहुतेक वेळा अर्ध्या उघड्या खणात.

"आपटते," ती म्हणाली. "आणि तो म्हणेल, संगणक जुन्या बाजारातला, आधीच्या मालकाचं काहीतरी राहिलं असेल. शेठ म्हणतील, व्हय गं, व्हय. मग मी हातानंही गेले आणि डोक्यानंही. मला तो तुकडा नको, तौफिक. मला माऊस पाहिजे. त्याच्या हातासकट."

तौफिक तिच्याकडे बघत राहिला. "ताई, तुम्हाला मी इतके दिवस गरीब समजत होतो."

"मीपण."

त्यानंतर ती सुडावर जगली. तिला भूक लागायची ती सुडाची, आणि पोट भरायचं ते पण सुडानं. मोशीच्या सिग्नलला स्कूटर थांबली की ती मनातल्या मनात दिग्विजयचा खण उघडायची. भाजी चिरताना त्याची बोटं आठवायची. दिवसभर रेघ हिसका द्यायची आणि ती मुकाट पुसायची, पुन्हा काढायची, चेहऱ्यावर काही येऊ द्यायची नाही. दिग्विजय येऊन म्हणायचा, "मॅडम, त्रास होतोय का? मी काढू का ते वर्तुळ?" आणि ती म्हणायची, "काढा ना." तो काढायचा. तेव्हा खणातला माऊस गप्प असायचा, अर्थातच, आणि वर्तुळ गोल यायचं. तिनं दोनदा त्याच्या खणावर नजर टाकली. दोन्ही वेळा खणाला कुलूप होतं आणि त्याचा हात खिशात.

एका संध्याकाळी जाईबाई गहू निवडत बसल्या होत्या. निवडताना त्या आपल्याशीच काहीबाही जुळवत असत, ऐकणाऱ्यासाठी नव्हे.

*वैऱ्याच्या अंगणी लावीन निवडुंग*
*येता-जाता त्याचं ओरबाडू दे अंग*

*काटा गं माझा मऊ, पानाखाली दडे*
*पाय त्याचा त्याने टाकावा त्याकडे*

विजयश्री दाराशी थांबली. "आई, हे कुणावर?"

"कुणावर नाही गं. तोंडाला येतं." मग सुपातला खडा बाजूला काढत त्यांनी वर पाहिलं. "तुझ्या हाताला लावायला तेल केलंय. झोपताना चोळ."

तिला रडू आलं नाही. ओवीतली शेवटची ओळ मात्र आत जाऊन बसली.

खंडेनवमीला चाकणच्या पट्ट्यात यंत्रं झोपतात. दाबयंत्रांना झेंडूच्या माळा, दाराला आंब्याची पानं, फरशीवरचं तेल भुशानं खरवडून काढलेलं. शेठच्या टूलरूममध्ये एक रीत होती. मधल्या मोकळ्या जागेत देवीच्या तसबिरीपुढे पांढरं धोतर अंथरायचं आणि ज्यानं त्यानं आपलं हत्यार स्वतःच्या हातानं त्यावर मांडायचं. हातोडे, कानशी, पाने, मापं घेण्याचे कॅलिपर. संगणकावर काम करणारे आपापला माऊस आणायचे, तारेची गुंडाळी करून. एकदा हळदकुंकू लागलं की रात्रभर कुणी शिवायचं नाही. दसऱ्याला सकाळी ज्याचं त्यानंच उचलायचं. दुसऱ्याचं हत्यार उचलणं म्हणजे त्याच्या हातची भाकरी उचलणं, असं शेठ म्हणत.

विजयश्रीनं आपला माऊस सोडवून आणला, धोतरावर ठेवला. संगणक मात्र बंद केला नाही. पडदा तेवढा मालवला. आत टर्मिनल जागं होतं. तिला एक शंका फेडून घ्यायची होती. तो काळा तुकडा कुणी हात न लावताही आपोआप बरळतो का? दिग्विजय पूजेत असताना, खणाला कुलूप असताना ओळी पडल्या तर सगळा राग चुकीच्या दारात नेऊन ठेवल्यासारखं होईल. सूड घ्यायचा तर तो खऱ्या माणसावर पडला पाहिजे.

शेठची बायको सुभद्राबाई पूजेला बसली. भरदार बाई, हातभर बांगड्या. "अगं विजयश्री, अक्षता कुठं ठेवल्या? तुझ्या खोलीत वाटी ऱ्हायली का बघ बरं."

ती आत गेली. वाटी टेबलावरच होती. जाता जाता तिनं संगणकाचा पडदा चालू केला.

कोरा. एकही ओळ नाही. तुकडा स्वतःहून बोलत नव्हता.

ती वळणार तोच एक ओळ पडली. बटण दाबलं. बटण सुटलं. पुन्हा दाबलं, सुटलं. मग हालचालीच्या चार-पाच ओळी घसरत आल्या आणि सगळं परत शांत.

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. सगळे हात जोडून उभे होते. दिग्विजयसुद्धा. डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीपाशी, खणापासून लांब. हलत होता तो एकच हात, सुभद्राबाईंचा. बांगड्या वाजवत तो ओळीनं हत्यारांवरून चालला होता, हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. हातोड्यांच्या पुढे, झेंडूच्या ढिगापाशी तो नुकताच थांबून पुढे गेला होता.

बटण त्या बोटाखाली दाबलं गेलं होतं, हे विजयश्रीला उमगलं. तिनं वाटी उचलली, बाहेर आली आणि अक्षता देताना खाली वाकली. झेंडूच्या फुलांआड एक लहानसा काळा माऊस होता, पाठीवर हळद आणि कुंकू. बाकीच्या सगळ्या माऊसांना तारेचं शेपूट होतं. याला नव्हतं. शेठनं बिनतारी माऊस कधी विकत घेतलाच नव्हता.

त्यानं पुजायला आणला होता. ज्या हत्यारानं गेले महिने यश दिलं ते पूजेवाचून ठेवायला त्याचं मन झालं नव्हतं. एवढ्या पसाऱ्यात कोण बघतंय, फुलं घालू वर.

तिनं दिग्विजयकडे पाहिलं. तो भक्तीनं आरती म्हणत होता, चांगल्या खड्या आवाजात. तिनंही आवाज मिळवला. आजवर तिनं आरती इतक्या मनापासून म्हटली नव्हती. आता उद्या सकाळपर्यंत ते हत्यार तिथून हलणार नव्हतं. त्याचा धनीसुद्धा त्याला हलवू शकत नव्हता.

दसऱ्याला दिग्विजय नवा शर्ट घालून आला. आज टेबल त्याचं होणार होतं. टूलरूममध्ये मुहूर्ताची रेघ ओढायची रीत होती. नव्या कामाची पहिली रेघ शेठ स्वतःच्या हातानं काढत, मग पेढे आणि आपट्याची पानं, मग सुट्टी.

हत्यारं उचलायला गर्दी झाली. विजयश्रीनं आपला माऊस उचलला, आत नेऊन जोडला, शेठसाठी खुर्ची पुसली, आणि परत येऊन झेंडूच्या ढिगापाशी उभी राहिली. एवढंच. 

दिग्विजयनं आपलं कॅलिपर उचललं. आपला तारेचा माऊस उचलला. मग रेंगाळला. एकदा फुलांकडे, एकदा तिच्याकडे. "मॅडम, तुम्ही आत नाही येत? शेठ बसतायत."

"तुम्ही व्हा पुढे. तुमचा दिवस आहे आज."

आतून शेठनी हाक मारली, "ये रं दिग्विजय! तुझ्याबिगर कशी रेघ वढू?" त्याला जावं लागलं. काचेचं दार सताड उघडं होतं. सगळे टेबलाभोवती कोंडाळं करून उभे राहिले, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. दिग्विजय तेवढा तिरका उभा होता, मान वळवून.

ती गुडघ्यांवर बसली. हत्यार तिनं उचललं नाही. फुलांतून फक्त एक बोट त्याच्या पाठीवर ठेवलं. हळदीनं ते बोट पिवळं झालं. दिग्विजयनं ते पाहिलं. ओरडावं तर माऊस त्याचाच ठरला असता.

"जय अंबे," म्हणत शेठनी रेघ धरली.

तिनं बोट केसभर ढकललं.

"आं?" शेठ म्हणाले. "वाकडी झाली. थांबा, पुसतो." दुसऱ्यांदा ओढली. दुसऱ्यांदा शेवटी टोक सरलं. कुणीतरी खुदकन हसलं. "आरं, नवा चष्मा हाय माझा!" तिसऱ्यांदा बाण थेट पडद्याच्या कोपऱ्यात पळाला.

"शेठ," विजयश्री बाहेरून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण टूलरूममध्ये यंत्रं बंद होती. "हात थरथरतोय तुमचा. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

सगळ्या माना वळल्या.

"काय म्हनलीस?"

"माऊस सोडा शेठ. हात वर करा. आणि पडद्याकडे बघा."

शेठनी दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. पडद्यावरचा बाण सावकाश डावीकडे गेला. सावकाश उजवीकडे आला. मग मध्यावर येऊन थांबला आणि स्वतःभोवती एक छोटं वर्तुळ फिरला.

"या अल्लाह," तौफिक म्हणाला. त्याला सगळं ठाऊक नव्हतं, उद्या गंमत बघ एवढंच ती म्हणाली होती.

शेठ उठून बाहेर आले. तिच्या बोटाखालचा माऊस पाहिला, त्यावरचं कुंकू पाहिलं. तिनं आत नेऊन पेटी उघडून पाठीमागचा तुकडा दाखवला. फार बोलावं लागलं नाही. शेठ शिकलेले नव्हते, पण बांधावरून लपून पाणी वळवणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

"ह्यो हितं कुनी मांडला?"

 सगळ्यांच्या हातात आपापली हत्यारं होती. पांढऱ्या धोतरावर आता झेंडू आणि तेवढा एकच माऊस.

"मी शिवनार न्हाई त्याला," शेठ म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पुजलेलं हत्यार हाय. ज्याचं आसंल त्यानं उचलावं. कुनाचंच नसंल तर आत्ता भंगारात टाकतो, आन् त्याच्या धन्यानं समजावं की देवीफुडं आपुन आपल्या हत्याराला न्हाई म्हनलो."

विजयश्री दिग्विजयकडे बघत होती. तिला घाई नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर देवीचं आणि शेठचं अशी दोन भयं एकमेकांशी झोंबत होती आणि ती ते असं बघत होती, जसं दुधावर साय धरताना बघतात.

नव्या शर्टाची बाही खाली ओढत तो पुढे आला. वाकला. माऊस उचलून कपाळाला लावला. कुंकू कपाळाला लागलं.

"माझा आहे," तो म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना, "आमच्यात हत्यार उपाशी ठेवत नाहीत."

कोंडाळ्यातून शिवी आली. तौफिक म्हणाला, "वा रे भाऊ! ताईच्या भाकरीत माती कालवली, आणि ह्याला नैवेद्य?"

"गप रं," शेठ म्हणाले, आणि विजयश्रीकडे वळले. त्यांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. "पोरी, मी चुकलो. टेबल तुजंच. ह्याला मी आत्ताच्या आत्ता भायेर काढतो. का पोलिसात देऊ? तू सांगशील तसं."

सगळे थांबले. सिग्नलला, भाजी चिरताना, दिव्यात वात घालताना तिनं या क्षणासाठी किती शिक्षा घडवल्या होत्या आणि मोडल्या होत्या. त्यातली एकही आता पुरेशी वाटली नाही. बाहेर गेला तर दुसऱ्या कारखान्यात दुसऱ्या खणापाशी बसेल. पुन्हा चांगला माणूस होईल.

"काढू नका," ती म्हणाली.

"ताई!" तौफिक कळवळला. दिग्विजयनं मान वर केली. त्याला वाटलं असावं, बाईचं काळीज.

"काढू नका. माझ्या समोरच्या टेबलावर बसवा. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली तपासणाऱ्याच्या सहीचा चौकोन असतो ना शेठ? आजपासून माझं प्रत्येक ड्रॉइंग यांनी तपासायचं. रेघन् रेघ. आणि बरोबर आहे म्हणून खाली पूर्ण नाव लिहून सही करायची. जोवर मी काढतेय तोवर."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. मग सावकाश मान हलवली. "व्हय," म्हणाले. हे व्हय निराळं होतं.

"मॅडम, त्यापेक्षा मी राजीनामा..." दिग्विजय बोलू लागला.

"द्या की. कुठल्या कारखान्यात जाल? मी येते सांगायला, तुमच्या हाताबद्दल. काळजीनं."



मुहूर्ताची रेघ शेठनी तिलाच काढायला लावली. तुकडा आता शेठच्या खिशात होता. रेघ निघाली तशी सरळ, लांब, एका दमात, आणि कुणीतरी टाळी वाजवली. ती उठली तेव्हा दिग्विजय दाराशी आपट्याची पानं घेऊन उभा होता. वाटणाऱ्याकडून त्यानं मूठभर घेतली होती. त्यातली दोन त्यानं पुढे केली, खालमानेनं. "सोनं घ्या. झालं गेलं विसरा."

दसऱ्याचं सोनं नाकारत नाहीत. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिनं तो ओढणीखाली घेतला.

"आधी गिरणीत द्या," ती म्हणाली. "मग किराणा दुकानात. टँकरपाशी बायका असतात, त्यांना द्या. जिथे जिथे माझ्या हाताची काळजी वाहिलीत तिथे तिथे सोनं द्या, आणि कशाबद्दल देताय ते सांगा. सगळ्यात शेवटी आमच्या घरी या."

संध्याकाळी दिघीच्या गल्लीत नवे कपडे घातलेली पोरं पानं वाटत हिंडत होती. गॅलरीतून तिला तो दिसला, गिरणीच्या पायरीवर. गिरणीवाल्यानं यंत्र बंद करून ऐकलं आणि मग मान वर करून थेट तिच्या गॅलरीकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. पुढे दुकान. दुकानात गर्दी होती, तरी तो थांबला, कारण ती बघत होती. टँकर आज आला नव्हता, पण बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला. दिग्विजयचा नवा शर्ट पाठीवर भिजला होता. एकदा तो आपल्या घराच्या वळणापाशी रेंगाळला, वळेल असं वाटलं, पण पुढे आला. तिला दया येईल की काय अशी तिला धास्ती होती. तिनं आत चाचपून पाहिलं. आली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. घंटी वाजली. जाईबाई गुडघ्यांवर हात ठेवत उठल्या. "कोण गं? सोनं द्यायला आलेलं दिसतंय कोणीतरी. ये रे बाबा, आत ये, बस—"

"आई," विजयश्री जागची न हलता म्हणाली, "आत नका घेऊ. काय सांगायचंय ते त्याला उंबऱ्याबाहेरच सांगू द्या. आणि दिपालीलाही बोलवा."